वजन उतरवणारी इंजेक्शनं आणि आमची आतडी

मा. संपादक,

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनी आतड्याची सूजही उतरते, अशा बातम्या अलीकडे वारंवार येतात. भाच्याने त्यातली एक व्हॉट्सॲपवर पाठवली : ‘मामा, तुमच्या आजारावर इंजेक्शन आलंय.’ मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारा जुनाट आजार. निदान व्हायच्या आधी आतड्याचा टीबी समजून त्याच्या गोळ्याही खाऊन झाल्या. आपल्याकडे यात नवल नाही, दुर्बिणीतून हे दोन्ही आजार बऱ्याचदा सारखेच दिसतात. उंची पाच फूट आठ इंच, वजन ४९ किलो. आणि मला वजन उतरवायचं इंजेक्शन!

बातमी खोटी नाही. जीएलपी-१ हे संप्रेरक जेवल्यावर आतड्यातल्याच पेशी सोडतात. सेमाग्लुटाइड, टर्झेपटाइड ही वजन उतरवणारी औषधं त्याचीच नक्कल करतात आणि सूज शमवण्यातही त्यांचा हात असावा, असं संशोधकांना वाटतं. पण डेन्मार्कमधल्या नोंदींवरून २०२१ मध्ये जो अभ्यास आला, त्यातल्या आतड्याच्या सुजेच्या रुग्णांना टाइप-२ मधुमेहही होता. या गटातली औषधं घेणाऱ्यांवर स्टेरॉइड, ॲडमिट होणं किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काही ओढवण्याचं प्रमाण मधुमेहाची इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. जुन्या नोंदी चाळणं वेगळं आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून औषध तपासणं वेगळं. मिरिकिझुमॅब या आतड्याच्या सुजेवरच्या औषधाच्या जोडीला टर्झेपटाइड देऊन तशा चाचण्या हाती घेतल्या आहेत, पण त्याही लठ्ठ किंवा जादा वजनाच्या रुग्णांवर. बातमीत हे शेवटच्या परिच्छेदात येतं, आलंच तर.

ही औषधं भूक मारतात, जठर रिकामं व्हायला वेळ लावतात. माझं लहान आतडं एका जागी अरुंद झालंय. मळमळून उलटी झाली, तर ती इंजेक्शनाची की आतडं अडल्याची, हे घरच्यांनी रात्री दोन वाजता कसं ओळखायचं? अर्थात स्टेरॉइडने साखर चढलेले, अंगाने सुटलेले रुग्णही आमच्याच रांगेत बसलेले असतात. त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

विनंती एवढीच, की अभ्यासातले रुग्ण कोण होते, वजनाने कसे, मधुमेही की नाही, हे पहिल्या चार ओळींत छापा. आतड्याच्या सुजेसाठी या औषधांना अजून मंजुरी नाही, ही ओळ मथळ्याच्या खालीच द्या.

— क्रोन्सचा एक रुग्ण, कराड