बाबांचा शेवटचा प्रश्न वाचणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर साहेब,

आभार ओपीडीतच मानायचे होते, पण मागे रांग होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या त्या गर्दीत, जिथे गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतची माणसं नंबर लावून बसलेली असतात, तुम्ही माझ्या बाबांचं पूर्ण ऐकून घेतलंत.

बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात साठणारा घटक, वाढत होतं. शुगर जुनी, बीपीही जुना. आधीच्या खासगी दवाखान्यात आईनं विचारलं, 'पण एकदम कसं वाढलं जी?' उत्तर आलं, 'डॉक्टर तुम्ही आहात की मी?' २०२१ पासून राज्यातल्या खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तिथेही ती होती. आजाराची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं लिहिलेल्या त्याच भिंतीखाली माझ्या आईला गप्प बसवलं गेलं. याचा राग मला आजही येतो. बाबा मास्तर होते, जन्मभर पोरांना 'विचारा रे, लाजू नका' म्हणत आले. त्या दिवसानंतर दवाखान्यात ते नुसती मान हलवायचे.

तुमच्याकडे येताना त्यांनी प्रश्न कागदावर लिहून आणले होते, पण कागद खिशातच ठेवला. तो तुम्हाला दिसला. 'काका, काही लिहून आणलंय का? द्या इकडे,' म्हणत तुम्ही हात पुढे केलात. मग एकेका प्रश्नाखाली मराठीत, ठळक अक्षरांत उत्तर लिहीत गेलात. शेवटचा प्रश्न होता, 'गुडघ्याची गोळी चालू ठेवू का?' तिथे तुमचा पेन थांबला. 'कोणती गोळी, काका?'

ती दुखण्याची गोळी बाबा औषधाच्या दुकानातून घ्यायचे, रोज. आमच्यापैकी कोणालाच ती सांगण्यासारखी वाटली नव्हती, कारण ती 'साधी' होती. तुम्ही समजावलंत की अशा गोळ्यांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. सोबत बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी असली की धोका आणखी वाढतो. त्यात आपला मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, अंगातलं पाणी आधीच आटलेलं. आईनं विचारलेल्या 'एकदम कसं' या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या गोळीत होतं. गोळी बंद झाली आणि पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन खाली आलं. पूर्ण नाही, पण आलं.

रुग्ण गप्प बसला की डॉक्टरांपुढे फक्त रिपोर्ट उरतो. घरी कोण कोणती गोळी घेतं, कोणाच्या सांगण्यावरून घेतं, पथ्य कुठे मोडतं, हे रिपोर्टात येत नाही. ते असल्या भाबड्या प्रश्नांतूनच बाहेर पडतं. प्रश्न विचारणारा रुग्ण वेळ खातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घराकडे बघावं. बाबांचा प्रश्न वाचायला तुम्हाला कितीसा वेळ लागला?

निघताना तुम्ही बाबांनाच म्हणालात, 'आता घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल, ते मला सांगा.' बाबांनी मास्तरांसारखं मुद्देसूद सांगितलं. पाणी किती प्यायचं हे चुकलं, ते तुम्ही न रागावता पुन्हा सांगितलंत. त्यांचा गेलेला आवाज मला त्या खोलीत परत ऐकू आला, साहेब. औषधांचं ऋण फेडता येईल, याचं नाही.

चांगुलपणाला मोठा दवाखाना, एसी, गुळगुळीत फाइल लागत नाही. दिवसभर शेकडो माणसं बघून थकलेल्या डॉक्टरांकडेही तो असतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या खुर्चीमागे शिकणारी मुलं-मुली उभी होती. त्यातली एक मुलगी बाबांचं बोलणं वहीत टिपून घेत होती. उद्या ती कुठल्यातरी तालुक्याच्या दवाखान्यात बसेल, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्याला विचारेल, काही लिहून आणलंय का म्हणून. त्यासाठीही तुमचे आभार.

आपली कृतज्ञ,
एका मास्तरांची मुलगी
नंदनवन, नागपूर