रॉदरहॅमबद्दल माधुरीस पत्र

शेफील्ड,
फेब्रुवारी २०२६

प्रिय माधुरी,

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. हॉटेलच्या दाराशी लागलेली आग, बाहेर ओरडणारा जमाव आणि खाली मराठीत 'इंग्लंड पेटलं, आता तरी जागे व्हा'. अगं, सरकारने आश्रयार्थी ठेवलेलं ते हॉटेल रॉदरहॅमजवळच्या मॅनव्हर्समधलं आहे, मी काम करते त्या औषधांच्या दुकानापासून गाडीने पाव तासावर. घटना ४ ऑगस्ट २०२४ ची आहे, या आठवड्यातली नव्हे. फोनवर मी म्हटलं की सविस्तर लिहिते, कारण ही हकिकत पाच मिनिटांत सांगितली की खोटी होते. ज्याला त्याला तिचा सोयीचा अर्धा भाग हवा असतो.

हॉटेलच्या दहा वर्षं आधीपासून सांगायला हवं. रॉदरहॅम म्हणजे एके काळचं कोळशाचं आणि पोलादाचं गाव. खाणी बंद पडल्या, पोलादाचं काम आटलं, आणि बऱ्याच घरांत दोन पिढ्या हाताला धड काम नाही. २६ ऑगस्ट २०१४ ला प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांचा स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात एकट्या रॉदरहॅममध्ये किमान १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असा त्यांचा अंदाज होता, आणि तोही त्यांनी हात राखूनच मांडला होता. काही मुली अकरा वर्षांच्या. आधी भेटवस्तू, गाडीतून चक्कर, मग दारू, मग नशेच्या गोळ्या, आणि मग एकाकडून दुसऱ्याकडे, या शहरातून त्या शहरात. तोंड उघडलंस तर बघ, म्हणून मुलींच्या अंगावर पेट्रोल ओतून धमकावल्याचं त्या अहवालात आहे. गुन्हेगार बहुतेक पाकिस्तानी वंशाचे, मुली बहुतेक गोऱ्या, गरीब घरांतल्या किंवा सरकारी बालगृहांतल्या. पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलीही त्यात होत्या, पण अब्रूच्या भीतीने त्यांची नावं आणखी खोल गाडली गेली.

त्या अहवालातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दोन प्रकरणांत मुलींच्या वडिलांनी स्वतः शोध घेतला, मुलीला ज्या घरात ठेवलं होतं तिथे पोचले, तिला बाहेर काढायला लागले. पोलीस आले आणि त्यांनी बापालाच पकडून नेलं. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ते इथे असं शब्दशः घडलं. तू स्वतः मुलींच्या शाळेत शिकवतेस, तेव्हा तुला यावर आणखी काही सांगायला नको.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. २००२, २००३ आणि २००६ असे तीन अहवाल कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, आणि पोलिसांच्या टेबलावर होते. पहिला तर दाबूनच टाकला. त्या मुलींबरोबर काम करणाऱ्या तिथल्या युवा प्रकल्पातल्या बायका वर्षानुवर्षं नावं, गाड्यांचे नंबर, पत्ते देत राहिल्या. वर मात्र आळीमिळी गुपचिळी. का, याचं एक उत्तर आता सगळ्यांना पाठ झालंय: आरोपींचा वंश उघड बोललो तर आपल्यावर वंशद्वेषाचा शिक्का बसेल, ही भीती. ते खरंच आहे, कर्मचाऱ्यांनीच जे यांना तसं सांगितलं. लुईस केसी या बाईंनी २०१५ मध्ये कौन्सिलची तपासणी केली. तिथल्या दप्तरात एका मुलाची जुनी फाइल चाळताना 'पाकिस्तानी' या शब्दावर व्हाइटनर फासलेलं दिसलं, असं त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं. मला तो हात दिसतो, माधुरी. कार्यालयात बसलेलं कुणीतरी, बाटलीचं टोपण उघडून, एका लेकराच्या हकिकतीतला एक शब्द पुसतंय, आणि आपण गावाचं भलंच करतोय असं त्याला वाटतंय.

पण दुसरं कारण लोक कमी सांगतात आणि मला ते जास्त जाळतं. त्या मुलींची कुणाला किंमतच नव्हती. 'या पोरी अशाच', 'स्वतःच्या मर्जीने जातात', ही भाषा होती. पोलीस त्यांच्याकडे तुच्छतेने बघत, असं जे यांनी स्पष्ट लिहिलंय. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला तिचा 'बॉयफ्रेंड' आहे म्हणून कलमं सौम्य केली जायची. शोषण झालेल्या काही मुलींवर उलट वेश्याव्यवसायाचे गुन्हे नोंदवले गेले, आणि ते रद्द करा अशी शिफारस केसी यांना २०२५ मध्ये करावी लागली. गोऱ्या गरीब पोरीकडे गोऱ्या साहेबाने ज्या नजरेने बघितलं, त्याचा स्थलांतराशी काही संबंध नाही. म्हणून 'हे सगळं बाहेरून आलेल्यांमुळे' असं कुणी म्हटलं की मला ते पुरेसं वाटत नाही, आणि 'वंशाचा विषयच काढू नका' असं कुणी म्हटलं की संताप येतो.

आता यात शिक्षा कुणाला झाली ते बघ. गुन्हेगारांवर खटले चालले, अजूनही चालतायत. देशाच्या गुन्हे तपास यंत्रणेला स्वतंत्र मोहीम काढावी लागली. पण ज्यांनी डोळे मिटले त्यांचं काय? कौन्सिलचे प्रमुख अहवालाच्या दिवशीच पायउतार झाले. शॉन राइट नावाचे गृहस्थ २००५ ते २०१० या काळात कौन्सिलमध्ये मुलांच्या विभागाचे जबाबदार सदस्य होते. अहवाल आला तेव्हा ते निवडून येऊन साऱ्या साउथ यॉर्कशरच्या, म्हणजे रॉदरहॅम ज्यात येतं त्या परगण्याच्या, पोलिसांवर देखरेख ठेवणारे आयुक्त होऊन बसले होते! स्वतःच्या पक्षाने सांगितलं, गृहमंत्र्यांनी सांगितलं, तरी तीन आठवडे खुर्ची सोडेनात, आणि त्यांना हटवण्याची कायद्यात सोयच नव्हती. शेवटी सप्टेंबरमध्ये गेले. २०१५ मध्ये केसी यांच्या अहवालानंतर कौन्सिलचं सगळं मंत्रिमंडळ गेलं आणि लंडनहून प्रशासक आले. पोलिसांची चौकशी पुढे कित्येक वर्षं चालली, ४७ जणांची. २०२२ मध्ये निकाल लागला, आणि त्यांच्यातल्या एकाचीही नोकरी गेली नाही.

मग त्या संतापाची वसुली रस्त्यावर झाली, ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांच्याकडून. ऑगस्ट २०१५ मध्ये रॉदरहॅममध्ये पहाटे मशिदीत निघालेल्या ८१ वर्षांच्या एका आजोबांना दोघांनी 'मुली नासवणारा' म्हणत मारहाण केली, आणि ते त्यातून वाचले नाहीत. आमच्या दुकानात औषधं न्यायला येणारा एक टॅक्सीवाला आहे, त्याचे आजोबा पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरहून इथे गिरणीत कामाला आले. रॉदरहॅमच्या टॅक्सीत आता कॅमेरा सक्तीचा आहे. तो म्हणतो, कॅमेरा आला ते उत्तम झालं, हे तेव्हाच करायला हवं होतं. आणि मग सांगतो की मागे बसलेलं कुणी ना कुणी अजून विचारतं, तू त्यांच्यातलाच का? त्याला स्वतःला दोन मुली आहेत.

आता तुझा व्हिडिओ. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्ट या गावात मुलींच्या नाचाच्या वर्गात एका सतरा वर्षांच्या मुलाने सुरी चालवली. तीन लहान मुली गेल्या. काही तासांत मोबाइलवर एक मुस्लीम नाव फिरायला लागलं, नुकताच बोटीतून आलेला आश्रयार्थी म्हणून. ते नाव साफ खोटं होतं. मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, आईवडील रवांडाचे. आरोपी अठराच्या आतला म्हणून कायद्याने नाव गुप्त, आणि त्या पोकळीत अफवा मावेल तेवढी मावली. न्यायाधीशांनी १ ऑगस्टला नाव जाहीर करू दिलं तोवर मशिदीवर दगड पडून झाले होते. आणि हेही लिहायलाच हवं की अतिरेकी विचारांकडे वळणाऱ्या मुलांसाठी सरकारची जी योजना आहे, तिच्याकडे या मुलाची तीनदा नोंद गेली होती. तिन्ही वेळा फाइल बंद. म्हणजे परत तेच: लिहून दिलेलं होतं, वाचणाऱ्याने पुढे काही केलं नाही.

मॅनव्हर्सच्या हॉटेलात सरकारने ठेवलेले दोनशेहून अधिक आश्रयार्थी होते. बाहेर शेकड्यांनी माणसं. कचऱ्याचा मोठा डबा पेटवून दाराला लावला, खिडक्या फोडल्या. पन्नासहून जास्त पोलीस जखमी झाले. आतल्या एकाही माणसाचा त्या १,४०० मुलींशी संबंध नव्हता, साउथपोर्टशीही नव्हता. त्या दिवसाबद्दल एकाला नऊ वर्षांची कैद झाली, आणि ती योग्यच झाली. पण विचार कर, जमावाला काही आठवड्यांत शिक्षा सुनावता येते, आणि फाइल दाबणाऱ्याची वीस वर्षांत नोकरीसुद्धा जात नाही. लोकांना हे दिसतं गं.

त्या आठवड्यात आम्हीही घाबरलो होतो. भारतीय उच्चायुक्तालयाने ६ ऑगस्टला सावध राहण्याची सूचना काढली, काही दवाखाने लवकर बंद झाले. दुकानातली एक गोरी सहकारी, तिची ड्युटी संपलेली असूनही थांबायची आणि मला गाडीपर्यंत सोडून मगच घरी जायची. श्रीकांत मला रोज तीनदा फोन करायचा.

आपल्या लोकांचा एक सूर मात्र मला पटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्कने हा विषय उकरला आणि पंतप्रधान स्टार्मर यांच्या तोंडी 'आशियाई' टोळ्या आल्या. या शब्दात इथे आपणही येतो. तेव्हा आपल्या महाराष्ट्राच्या खासदार प्रियांका चतुर्वेदी यांनी लिहिलं, आशियाई नव्हे, पाकिस्तानी म्हणा. इथल्या मराठी ग्रुपवर ते दिवसभर फिरलं. मुद्दा चूक नाही, आणि उगाच सगळ्यांना एका पोत्यात घालणं मलाही नको आहे. पण आमची चर्चा 'आपण त्यांतले नाही' यावरच संपली. त्या पोरींबद्दल एक ओळ कुणी लिहिली नाही. आणि वीट हातात घेतलेला माणूस तुमचं गाव सांगली की मीरपूर हे विचारत नाही. संडरलंडमध्ये कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसच्या टॅक्सीवर दगड पडले, ते काय विचारून पडले?

राजकारण्यांबद्दल काय लिहू! २०१० ते २०२४ हुजूर पक्ष सत्तेत होता. बाललैंगिक शोषणाची देशव्यापी चौकशी सात वर्षं चालली, २०१६ पासून प्राध्यापक जे यांच्याच अध्यक्षतेखाली, ऑक्टोबर २०२२ मध्ये २० शिफारशी आल्या, आणि त्या तशाच पडून राहिल्या. तेच लोक विरोधात गेल्यावर घसा फोडायला लागले. मजूर पक्षाने आधी राष्ट्रीय चौकशीला नकार दिला. मागणी करणारे अतिउजव्यांच्या गाडीत उडी मारतायत, असं स्टार्मर म्हणाले. मग केसी यांनाच पुन्हा आकडे तपासायला बसवलं. जून २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की दोन तृतीयांश आरोपींच्या वंशाची नोंदच नाही, त्यामुळे देशाचं चित्र ठामपणे मांडता येत नाही, पण आमच्या साउथ यॉर्कशरसह ज्या तीन पोलीस दलांचे आकडे मिळाले त्यांत आशियाई वंशाच्या पुरुषांचं प्रमाण जास्त दिसतं. त्यानंतर स्टार्मर चौकशीला तयार झाले. नोंद न ठेवल्याने कुणाचं रक्षण झालं? प्रामाणिक मुसलमान टॅक्सीवाल्याचं तर नाहीच. आकडा नसला की ज्याला हवा तो आकडा तो सांगतो.

तुझ्या अनिकेतचं विचारतेस, तर त्याला खुशाल पाठव. विद्यापीठाचा परिसर चांगला आहे, आणि मी इथे आहे. फक्त त्याला सांग की पदवीनंतर इथेच स्थायिक व्हायचं हा हिशोब धरून कर्ज काढू नको. कायम राहण्याचे नियम सरकार कडक करतंय, पाचाऐवजी दहा वर्षं थांबायला लागण्याची चिन्हं आहेत. २०२३ मध्ये वर्षभरात देशात आलेले वजा गेलेले, अशी माणसांची निव्वळ आवक ९ लाखांच्या वर गेली होती. एवढ्या लोकांना घरं आणि डॉक्टर कुठून आणणार, हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण द्वेष्टा नसतो. माझ्याच दुकानाबाहेर डॉक्टरची वेळ मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या म्हाताऱ्या उभ्या असतात, आणि त्यांतल्या काही आपल्याकडच्या आहेत.

अशीच एक गोरी बाई येते, साठीच्या पुढची. त्या मुलींपैकी एक तिची भाची. एकदा औषधाची वाट बघताना ती मला म्हणाली, गाडीचा नंबर आम्ही स्वतः लिहून पोलिसांना दिला होता, त्यांनी कागद घेतला आणि खिशात घातला. हॉटेलवर जमाव गेला तेव्हा ती घरी टीव्हीसमोर बसून रडत होती. 'आमच्या पोरीच्या नावाने हे करा असं कुणाला सांगितलं होतं आम्ही?' असं ती म्हणाली. तिला कॅमेऱ्यासमोर कुणी विचारलेलं नाही.

डिसेंबरमध्ये राष्ट्रीय चौकशीच्या अध्यक्षपदी ॲन लाँगफील्ड यांची नेमणूक झाली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये पीडितांच्या समितीतून काही जणी उठून गेल्या, कारण अध्यक्षपदासाठी आधी ज्यांची नावं पुढे आली त्यांतला एक माजी पोलीस होता आणि एक सोशल वर्कर. ज्या दोन खात्यांनी घात केला, त्यांच्यातलंच माणूस न्याय करणार? त्या उठल्या हे बरं केलं. आता साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे कायदेशीर अधिकार या चौकशीला आहेत. तेव्हा निवृत्त होऊन पेन्शन घेत बसलेले अधिकारीही शपथेवर उभे राहायला हवेत, आणि ती फाइल कुणी, कधी बंद केली हे त्यांना नावानिशी सांगावं लागायला हवं. माझ्या खासदाराला मी तसं पत्र लिहिलंय. त्याचं उत्तर आलं की तुला कळवीन.

काकूंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते लिही.

तुझी,
वैशाली