काफीच्या गाण्याखाली कोमल धैवत कशाला?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. गणपतीत आमच्या सोसायटीत गाण्यांचा कार्यक्रम झाला, एक मुलगी काफी रागातलं भजन फार सुरेख म्हणत होती, पण ती धैवतावर, म्हणजे ध या स्वरावर, थांबली की कीबोर्डवाल्या दादांची कॉर्ड (एकदम दाबलेले तीन स्वर) टोचायची. पट्टी पांढरी एक, म्हणजे सा पाश्चात्त्य सी वर, दादा सी मायनर धरून बसलेले आणि मध्यमावर एफ मायनर देत होते. एफ मायनरमध्ये कोमल, म्हणजे अर्धा स्वर उतरलेला, ध आहे, काफीचा ध शुद्ध, मग दोन धैवतांचं भांडण होणारच. तिथे एफ मेजर पाहिजे, म ध सा, तिन्ही स्वर काफीतलेच.

दादांचा हात चांगला आहे, राहून जातं ते शिकवताना. मेजर आणि मायनर एवढ्या दोनच स्केल (स्वरांच्या रांगा) पक्क्या करून घेतात, मग कोमल ग दिसला की मायनर असं मुलं धरून चालतात. पेटीवर फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवून बघा, सा पांढरी एकवर धरला तर बिलावल थाट (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरसाचा), दोनवर नेला तर काफी, तीनवर भैरवी, चारवर कल्याण, पाचवर खमाज, सहावर आसावरी. पाश्चात्त्य संगीतात हेच आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, आणि सा असा सरकवण्याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. (सातवर पंचमच शुद्ध मिळत नाही, म्हणून तिथल्या सातव्या, लोक्रियनला पंडित भातखंड्यांनी रागांच्या वर्गवारीसाठी घेतलेल्या दहा थाटांत जागा नाही.)

पट्ट्या त्याच राहिल्या तरी सा बदलला की कॉर्डचं काम बदलतं. पांढरी एकमध्येच सांगतो, खमाजचा रंग कोमल नीवरच्या बी फ्लॅट मेजरने येतो, कल्याणचा रेवरच्या डी मेजरने कारण तीव्र, म्हणजे अर्धा स्वर चढा, म तिच्यात आहे, भैरवीचा कोमल रेवरच्या डी फ्लॅट मेजरने. भैरवीत सवयीने जी मेजर दिली की शुद्ध नी आणि शुद्ध रे दोन्ही घुसतात. मिश्र भैरवीत गायक शुद्ध रे घेतात हे खरं, पण तो कुठे घ्यायचा हे गाणाऱ्याने ठरवायचं, साथीदाराने नाही. खमाजातही चढताना शुद्ध नी लागतो, तेव्हा नुसता थाट पाठ करून भागत नाही, कान गाण्याकडे पाहिजे.

कीबोर्ड शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती, पहिल्याच वर्षी हे सहा थाट कॉर्डसकट शिकवा. आणि कॉर्डची खात्री नसेल तर सा आणि प एवढंच धरायला सांगा, त्या मुलीच्या धैवताखाली तेवढंही पुरलं असतं.

आपला,
एक पेटीवादक, सांगली