वेब्ली नव्हे, एन्फिल्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत एका संग्रहातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा फोटो आला आहे. खाली ओळ आहे, 'पहिल्या महायुद्धातील वेब्ली पिस्तूल'. माझी सगळी नोकरी पोलिसांच्या कोतात (शस्त्रागारात), हत्यारे दुरुस्त करणारा आर्मोरर म्हणून गेली, त्यामुळे राहवले नाही. 'पिस्तूल'चे सोडून देऊ, आमच्या घरातही सगळ्यालाच पिस्तूल म्हणतात. पण ती वेब्ली नाही, आणि पहिल्या युद्धातली तर मुळीच नाही.

फोटो भिंगाखाली धरला. सिलिंडरखाली उजव्या अंगाला मुकुट, मग 'एन्फिल्ड' (ब्रिटिश सरकारचा शस्त्र कारखाना), 'नंबर २', 'मार्क १', त्याला चिकटून चांदणी आणि तळाशी १९४१. एवढे वाचले की प्रश्न मिटला. वाचता आले नसते तरी घोड्याने, म्हणजे मागून काडतुसावर आदळणाऱ्या भागाने, सांगितलेच असते. अंगठ्याने मागे ओढायचे शेपूटच त्याला नाही! रणगाड्याच्या आत कुठेतरी अडकू नये म्हणून १९३८च्या सुमारास ते काढून टाकले. त्यामुळे या रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी चढवून ठेवता येत नाही, प्रत्येक गोळीला चाप पूर्ण ओढावा लागतो. ती चांदणी म्हणजे हाच बदल. आधी बनलेल्या कित्येक रिव्हॉल्व्हरचे घोडे मागाहून बदलले आणि चांदणी नंतर ठोकली.

पहिल्या युद्धातली वेब्ली मार्क ६ वेगळी. १९१५ साली आली, बोर (नळीचा आतला व्यास) .४५५ इंच, नळी सहा इंच, वजन किलोच्या वर. एन्फिल्डची नळी पाच इंच, बोर .३८, वजन पाऊण किलोच्या आसपास. गल्लत होते याचे कारण दोन्ही मधून मोडून उघडतात आणि रिकामी काडतुसे एकदम वर उचलली जातात. मुळात एन्फिल्डची रचना वेब्लीवरूनच उचललेली. त्यावरून वेब्ली कंपनीने सरकारशी भांडण मांडले आणि शेवटी १,२५० पौंड पदरात पडले.

आणखी एक बघण्यासारखे : ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचे टोक असते. बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो सेवेतून विकून टाकलेला. काडतुसांच्या बुडावर 'केएफ' दिसले तर ती आपल्या खडकीच्या कारखान्यातली.

फोटोतल्या अक्षरांच्या कडा मात्र बोथट दिसतात. कुणीतरी हौसेने पॉलिश पेपर मारला असावा. संग्रहवाल्यांना सांगा, तेलाचे फडके पुरे. आणि जमल्यास नळी, सिलिंडर व सांगाडा या तिन्हींवरच्या नंबरांचा जवळून फोटो मागवा. तिन्ही एकच निघाले तर हत्यार कारखान्यातून आले तसेच आहे, नाहीतर कुठल्यातरी कोतात माझ्यासारख्याच कुणीतरी तीन मोडक्यांतून एक उभे केले आहे.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर, पुणे