सोनू, तुझं ते चुरगळलेलं पान सापडलं

सोनू,

काल सांगली स्टँडवर गाडी हलली तेव्हा तू हात केलास, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. घरी आलो तर आईने एक चुरगळलेलं पान हातात दिलं, तुझ्या पलंगाखाली होतं. परवा रात्री ज्याच्यावरून मी घर डोक्यावर घेतलं तेच गणित. बॅटरच्या 70 धावा, त्यातल्या 18 पळून काढलेल्या, बाकीच्या चौकार-षटकारांच्या, दोन्ही मिळून 11, तर चौकार किती आणि षटकार किती.

आज सौदे संपल्यावर हळदीच्या पोत्यांना टेकून पान सरळ केलं आणि एकेक ओळ वाचली. तुझं बरोबर चाललं होतं गं. 70 वजा 18, 52. चौकार क्ष, षटकार 11 वजा क्ष. 4क्ष + 6(11 − क्ष) = 52, हेही बरोबर. पुढे कंस सोडवताना 6 ने 11 ला गुणलंस आणि क्ष ला गुणायचं राहिलं. 66 − 6क्ष च्या जागी 66 − क्ष लिहिलंस, म्हणून 3क्ष = −14 आलं. चौकार उणे कसे येतील? ते तुलापण कळलं असणार, कारण तिथे पेन इतकं दाबून खोडलंयस की कागद फाटलाय. पण हाक नाही मारलीस. मी बाहेरच्या खोलीतच होतो.

66 − 2क्ष = 52 केलं की क्ष 7 येतो. 7 चौकारांचे 28, 4 षटकारांचे 24, झाले 52.

मी क्ष न घेता केलं, आमच्या अडतीच्या हिशेबाने. अकराही चौकारच धरले, 44 झाले, 8 कमी पडतात. एका चौकाराचा षटकार केला की 2 वाढतात, म्हणजे षटकार 4. तुझ्या क्ष ने तेच होतं, फक्त परीक्षेत मार्क त्यालाच मिळतात.

तिथे अडलं की सरांना विचारतेस ना? 2019 च्या पुरात आपण मिरजेला काकीकडे होतो तेव्हा दर तासाला विचारायचीस, बाबा आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं? 57 च्या वर गेलं तेव्हा मलाच सांगवेना, तरी तू विचारत राहिलीस, रात्री झोपेतून उठून सुद्धा. माधवनगरच्या स्मृती मानधनाचं बघून बॅट मागितलीस तेव्हाही कोचला प्रश्न विचारून भंडावलंस. मग ती सवय कुठे गेली? मीच ओरडून घालवली का? दहावीचं वर्ष आहे, पहिल्याच धड्यात दोन चलांची समीकरणं आहेत, आता गप्प बसलीस तर पुढे सगळंच... बघ, परत सुरू झालो. आई म्हणाली होती लेक्चर देऊ नका. परवाचं माझं चुकलं. तू वही ढकललीस म्हणून नाही, मला घाबरून ढकललीस हे आत्ता लक्षात येतंय.

माझ्या वेळचं तुला माहितीय. अण्णांना विचारायची हिंमत नव्हती, मग गणितच सुटलं आणि पोती मोजायला आलो. त्याचं दुःख नाही गं, पण तू तशी गप्प बसायला नको.

पानाला मागून चिकटपट्टी लावलीय. डब्यातले लाडू आधी खा, चिवडा टिकतो. रविवारी फोन कर, नुसतं हे समजलं नाही एवढं सांगायला केलास तरी चालेल.

बाबा