मनगट आठवतंय का?

म्हार्दोळ, फोंडा

प्रिय सुहास,

शिव्या मागाहून घाल. आई पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन सोप्यात फिरते. मी बरा, प्रेशर होतं तिथेच आहे.

तुलाच लिहितोय, कारण मागच्याच्या मागच्या चवथीला तिचं मनगट मोडलं तेव्हा गाडीत घालून तूच नेलं होतंस. "वय झालं की व्हायचंच," म्हणून प्लॅस्टर घालून घरी पाठवलं होतं. अरे, उभ्या जागी घसरून हाड मोडतं म्हणजे ते ठिसूळ झालंय, हे तेव्हाच कोणी बोलायला नको? खुब्याच्या वेळीही तेच. डिस्चार्ज कार्डावर दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी, कॅल्शियम. हाड मुळात का मोडलं, त्यावरचं औषध शून्य! मोडलेलं जोडायला सगळे तयार, पुढचं वाचवायचं खातं कोणाकडेच नाही.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, एकदा असं मोडलं की पुन्हा मोडायचा धोका साधारण दुप्पट, आणि पहिली दोन वर्षं जास्त जोखमीची. या वयात घसरून खुबा मोडल्यावर औषधासाठी डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीच्या, आकड्याची वाट बघायची नसते. नुसत्या कॅल्शियमने भागत नाही.

हाडं बळकट करायची आठवड्याची गोळी असते, पण ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं. "अर्धा तास चहाविना?" आईने विषयच मिटवला. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन लांबलं तर उलट मणके मोडू शकतात, आणि आमच्या घरात गॅसचा नंबर लावायचाही राहून जातो. म्हणून वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रॉनिक ॲसिड ठरलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते दिलेल्यांत नवी फ्रॅक्चरं ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ च्या चाचणीत दिसलंय. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासलं. ड तळाला! अंगणात इतकं ऊन पडतं आणि आई दिवसभर रांधणीत. ते भरून काढतोय. किडकी दाढही आधीच काढायची, कारण क्वचित या औषधाने जबड्याचं हाड बिघडतं. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी येते म्हणे. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, तूही फोनवर बोलू नकोस.

पुन्हा पडू नये म्हणून रात्रीची झोपेची गोळी डॉक्टरीणबाईंनी हळूहळू बंद करायला लावली. चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासून घेतलं. न्हाणीघरात दांडी बसवली, आणि तुझ्या पसंतीच्या त्या आरशासारख्या लाद्यांवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. दुकानात केवढा भांडला होतास! आता ये आणि बघ तुझं सौंदर्य.

खरी धास्ती चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायच्या माटोळीची आहे. स्टूल मी लपवलंय. काल बघतो तर वॉकर बाजूला, एक हात खांबाला, मान वर करून माटोळीच्या पट्ट्या मोजतेय. विचारलं तर म्हणे, "कोळी बघत होते."

माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. बिनपगारी जावई ना तू! सुट्टी टाक, चवथीच्या दोन दिवस आधी ये, माटोळी तू बांध. तिला खाली खुर्चीत बसवू, हुकूम सोडू दे.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, छोटीचा निकाल कळव. तिकीट आजच काढ, नंतर गर्दीत मिळत नाही.

तुझा,
विनू