फिकट फरशी घ्या, पांढरी नको

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन विकून झालं, कापूस घरात यायला लागला की वऱ्हाडात घराची अडलेली कामं निघतात. त्यात हल्ली व्हिनाइलच्या पट्ट्यांची फरशी बरीच मागितली जाते. दुकानात तिला लक्झरी व्हिनाइल, एलव्हीटी किंवा एसपीसी म्हणतात. लाकडासारखी दिसते, वाळवी लागत नाही, जुनी फरशी न फोडता वरून बसते. मोबाईलवर पाहिलेला दुधासारखा पांढरा रंग लोक मागतात, दुकानदार तोच काढून देतो आणि पहिल्याच पावसाळ्यात घरात कुरकुर सुरू होते. पुन्हापुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकदा सविस्तर लिहावीत म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी रंगाचं. काळ्या मातीच्या मुलखात फिकट फरशी म्हणजे वेडेपणा, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ओला चिखल फिकट रंगावर दिसतो, कबूल. पण चिखल तीन-चार महिने. धूळ, कुटाराचा भुसा, कापसाचे तंतू आणि कुलरच्या पाण्याचे पांढरे ओघळ यांचा त्रास वर्षभर, आणि हे सगळं उठून दिसतं ते गडद फरशीवर. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारट आहे तिथे, तर गडद चॉकलेटी फरशी घेऊच नये. बोअरच्या पाण्याने पुसली की वाळल्यावर पांढरी झाक उरते आणि घरातली बाई दिवसभर पुसतच राहते. शिवाय दारातून ऊन येतं त्या जागी गडद पट्टी जास्त तापते. म्हणून रंग फिकटच हवा.

फक्त तो कोरा पांढरा किंवा निळसर राखाडी नसावा. ज्वारीची भाकरी डोळ्यांसमोर आणा: फिकट आहे, पण एकसारखी नाही, मधूनमधून करपलेले ठिपके आहेत. तसा गव्हाळ किंवा वाळूसारखा रंग, त्यात लाकडाच्या रेषा आणि थोड्या गाठी असलेला, रोजच्या वापरात सगळं पोटात घेतो. सागवानी चौकटीशेजारीही गव्हाळच शोभतो. चमकदार पॉलिश टाळा. त्यावर ओल्या पायांचा प्रत्येक ठसा दिसतो. मॅट घ्या.

रंगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पट्टीच्या कडेची खाच. दोन पट्ट्या जुळतात तिथे काही मालात खोल व्ही आकाराची खाच असते. काळी माती इतकी बारीक असते की ती या खाचेत जाऊन बसते आणि सहा महिन्यांत फिकट फरशीवर काळ्या रेघोट्या उमटतात. लाकडाचा भास व्हावा म्हणून वर खोल उठाव दिलेला असेल तरी तेच. फिकट रंगात खाच अगदी उथळ आणि उठाव हलका, एवढं पाहून घ्या. गडद रंगात हा दोष झाकला जातो, इथे जात नाही.

दुकानात नमुना हातात धरून रंग ठरवू नका. निदान दोन पट्ट्या घरी आणा, जमिनीवर ठेवा, सकाळी पाहा आणि रात्री आपल्याच बल्बखाली पाहा. गावात बहुतेक घरांत थंड पांढऱ्या उजेडाचे एलईडी असतात, त्यात राखाडी फरशी निळी दिसते. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तिची झाकही फिकट फरशीवर पडते. मग त्या पट्टीवर तेलात कालवलेली हळद, मेंदी, कुंकू आणि खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, पाणी लावून रात्रभर ठेवा, सकाळी साबणाच्या पाण्याने पुसा. खर्रा खाणारा पाहुणा येणारच, त्याची परीक्षा आधी झालेली बरी. हळदीची हलकी पिवळी झाक उरली तर पट्टी दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

आता जाडी. एसपीसी पट्टीची एकूण जाडी साधारण ४ ते ६ मिमी असते, पण आयुष्य ठरतं ते वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे वेअर लेअरवर. झोपायच्या खोलीला ०.३ मिमी चालतो. लेकरं, म्हातारी माणसं, येणारे-जाणारे, पोती असं भरलं घर असेल तर ०.५ मिमी घ्या. काही बॉक्सवर हा आकडा मिलमध्ये छापलेला असतो. मिल म्हणजे मिलीमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग. १२ मिल म्हणजे ०.३ मिमी आणि २० मिल म्हणजे ०.५ मिमी. लॅमिनेटही दुकानात व्हिनाइलच्या शेजारीच रचलेलं असतं आणि दिसायला तसंच असतं. ते लाकडाच्या भुश्याचं, पाणी लागलं की फुगतं. ओळखायचं कसं? एक तुकडा बादलीत २४ तास बुडवून ठेवा. लॅमिनेटच्या कडा फुगतात, एसपीसीच्या फुगत नाहीत, कारण तिचा गाभा चुनखडीची पूड आणि पीव्हीसीचा असतो.

खरी बिघाडी मात्र फरशीच्या वर नसते, खाली असते. आपल्याकडची जुनी घरं मातीवर शहाबादी टाकलेली, खाली ओल अडवणारं काहीच नाही. एप्रिलमध्ये तपासली तर कुठलीही जमीन कोरडीच वाटते. म्हणून तपासणी श्रावण-भाद्रपदात करा आणि काम दिवाळीनंतर. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी उचला. आतून थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली तर ओल आहे. अशा जागी गोंदाने चिकटवायची पातळ पट्टी अजिबात नको, ओलीने गोंद सुटतो. क्लिकची, म्हणजे कडा एकमेकींत अडकून लॉक होणारी, एसपीसी बसवायची आणि तिच्याखाली २०० ते २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर आठ इंच एकावर एक आणि वरून टेप. शेततळ्याचा उरलेला ५०० मायक्रॉनचा कागद काही जण सुचवतात. तो कडक असतो, त्याची घडी सपाट बसत नाही आणि त्या वळीवर पट्टीचं लॉक तुटतं. प्लास्टिकने थोडी ओल अडते. भिंतीच्या पायथ्याशी मीठ फुटून पोपडे पडत असतील तर आधी भिंतीचा इलाज, फरशी नंतर. नवीन कोबा असेल तर त्याला निदान २८ दिवस द्या आणि त्यानंतरही हीच प्लास्टिकची तपासणी करा.

जमीन सपाट हवी. २ मीटर लांबीची सरळ पट्टी आडवी ठेवून खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड किंवा सिमेंटचा लेप द्यावा. पीओपी किंवा भिंतीची पुट्टी भरून काम उरकू नका, ओल लागली की तिची माती होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे पायात भेगा असलेल्या घरात जमीनही हलते. एखादी शहाबादी पाय ठेवल्यावर डुगडुगत असेल तर ती आधी पक्की बसवा. डुगडुगत्या फरशीवर क्लिकचा जोड टिकत नाही. पट्टीला खालून फोम चिकटवलेला असेल तर आणखी फोम टाकू नका. मऊ गादीवर लॉक तुटतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर हे काम होतच नाही, आधी कोबा.

मोजमाप करताना १० टक्के जास्त धरा. १२ बाय १५ ची खोली म्हणजे १८० चौरस फूट, वाढीसह १९८. पट्टी १८० मिमी रुंद, १,२२० मिमी लांब आणि बॉक्समध्ये १० नग असतील तर एक बॉक्स साधारण २३.६ चौरस फुटांचा होतो. म्हणजे ९ बॉक्स लागतात. सगळ्यांवर बॅच नंबर एकच आहे का पाहा. फिकट रंगात दोन बॅचमधला फरक दाराशी उभं राहिल्यावर लगेच कळतो. बसवताना एकाच वेळी तीन-चार बॉक्स उघडून पट्ट्या मिसळा, नाहीतर त्याच गाठीची पट्टी शेजारी-शेजारी येते.

पहिली ओळ सरळ भिंतीपासून पूर्ण रुंदीने सुरू करायची सवय चुकीची आहे. १२ फूट म्हणजे ३,६५८ मिमी. दोन्ही कडेच्या १०-१० मिमी फटी वजा केल्या की ३,६३८ राहतात. त्यात २० पूर्ण पट्ट्या बसून शेवटी ३८ मिमीची चिंधी उरते, ती धड कापताही येत नाही आणि टिकतही नाही. त्याऐवजी पहिली आणि शेवटची ओळ १०९ मिमीची करा, मधे १९ पूर्ण. एका ओळीचा जोड शेजारच्या ओळीच्या जोडापासून निदान आठ इंच लांब असावा.

आता त्या कडेच्या फटीचं. सर्वांत जास्त तक्रारी हिच्यापायी येतात. डिसेंबरच्या थंडीत पट्टी आक्रसलेली असते. मे महिन्यात अकोला, अमरावती, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, पट्टी लांबते आणि तिला सरकायला चारही बाजूंनी ८ ते १० मिमी जागा लागते. टाईल्स बसवणारा मिस्त्री सवयीने ही फट पांढऱ्या सिमेंटने भरून टाकतो. दिसायला छान, पण एप्रिल लागला की खोलीच्या मधोमध फरशी उचलली जाते, पाय ठेवला की धबधब वाजते. फट मोकळी ठेवायची आणि वरून स्कर्टिंग लावायचं, तेही भिंतीला, फरशीला नाही. उंबरठ्याशी ॲल्युमिनियमची पट्टी. ओट्याचे खांब किंवा भिंतीतलं कपाट फरशीवर उभं करू नका. भक्कम वजनाने एक बाजू दाबली गेली की तिचं सरकणं थांबतं. बॉक्स बसवण्याआधी ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवा. टिनाच्या छपराखाली किंवा गच्चीवर ठेवलेला तापलेला माल त्याच दिवशी बसवू नका. एका रांगेत तीन-चार खोल्या असलेल्या लांब घरात सलग फरशी ओढू नका, प्रत्येक दाराशी तोडा. टिनाच्या छपराच्या खोलीत ही फरशी न घातलेलीच बरी.

डागांमध्ये हळदीला उगीच बदनाम केलं जातं. फिकट फरशीचा खरा वैरी रबर आहे. रबर टिकावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळा-तपकिरी डाग पडतो. तो वर पडलेला नसतो, आत मुरलेला असतो, त्यामुळे साबण, सोडा, रॉकेल, कशानेही निघत नाही. रात्री मोटारसायकल घरात उभी करता? टायरखाली डाग पडणार. मागे रबर असलेलं पायपुसणं, कुलरच्या स्टँडचे आणि पलंगाचे रबरी बुश, सिलिंडरच्या ट्रॉलीची चाकं, यादी लांब आहे. पायपुसणं जुन्या साडीचं शिवा, धुवायलाही सोपं. बुश प्लास्टिकचे किंवा नमद्याचे लावा. सिलिंडरखाली लाकडी पाट ठेवा, म्हणजे गंजाचा गोल डागही टळतो. गाडी ओसरीवरच राहू द्या.

ओरखडे पाडते ती मुरमाची खडी, काळी माती नाही. अंगणात मुरूम टाकला असेल तर पाय धुवायची जागा दाराबाहेर हवी. रांगोळीची पूडही घासली जाते, ती पाटावर काढा. देवघरात समई आणि उदबत्तीखाली स्टीलचं ताट ठेवा. पेटलेली वात पडली की व्हिनाइल वितळतं, आणि गरम कुकर टेकवला की गोल ठसा उमटतो. महालक्ष्म्यांच्या पंगतीत कढी, आंबील, पुरणाचं तूप सांडणारच. पंगत उठताच पुसलं तर काही होत नाही, दुसऱ्या दिवसावर ढकललं तर झाक राहते.

पुसण्यासाठी १० लिटर पाण्यात एक चमचा सौम्य साबण पुरे. जास्त घातला की त्याचा चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि फरशी मळकट दिसते. घट्ट फिनाईलनेही तेच होतं. टाईल्सचं ॲसिड, ब्लीचिंग, थिनर, रॉकेल नको. शहाबादीसारखी बादली ओतून झाडूने धुऊ नका. पट्टीला पाण्याने काही होत नाही, पण कडेने पाणी खाली शिरतं आणि वाळायला वाट नसल्याने कुबट वास सुटतो. कुलर ठिबकत असेल तर खाली ट्रे ठेवा. खारपाणपट्ट्यात पिळलेल्या कापडाने दुसरा हात फिरवा.

सगळ्या घरात ही फरशी घालायची गरज नाही. उन्हाळ्यात दुपारी उघड्या फरशीवर आडवं व्हायची आपली सवय आहे, आणि तो शहाबादीचा गारवा व्हिनाइल देत नाही. ओसरी, न्हाणी, मोरी, धान्याची खोली जुन्याच दगडाची राहू द्या. बैठक आणि झोपायच्या खोल्या एवढं पुरे. काम झाल्यावर उरलेल्या पट्ट्या परत करू नका. निदान सहा नग दिवाणाखाली आडवे ठेवा, बॉक्सवरच्या बॅच नंबरच्या कागदासकट.

आपले,
फरशी व टाईल्स बसवणारे कारागीर,
दर्यापूर तालुका, जि. अमरावती